थरथरीचं लोढणं

निरगुडसरच्या गेणभाऊंना पंचक्रोशी डॉक्टर म्हणते. ते डॉक्टर नाहीत. गाई भरण्याचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, शिक्षण त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलं, त्याचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आणि तेव्हापासून जगातल्या कोणत्याही विषयावर मत द्यायला ते मोकळे झाले. त्यातली निम्मी मतं चुकीची निघतात. डावा हात मात्र खरा. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवायचा, गाईच्या आत हात घालायचा, डोळे मिटायचे आणि दोन-अडीच महिन्यांचा गर्भ बोटांच्या टोकांनी ओळखायचा. ते 'गाभण' म्हणाले की गाय दावणीला राहायची. 'रिकामी' म्हणाले आणि गाय दोन-तीनदा भरून मालक कंटाळलेला असला, की शनिवारी चाकणच्या बाजारात जायची.

असा हात ज्याच्याकडे आहे त्यानं तो जपावा. गेणभाऊंनी तो नव्या मोटारसायकलच्या नादी लावला.

गाडी चार महिन्यांची होती. अवसरी, मंचर, घोडेगाव असा रोज ऐंशी किलोमीटरचा फेरा. कंपनीनं लिटरला पासष्ट किलोमीटर सांगितले होते, पडत होते अठ्ठावन्न. मधले सात कुठे जातात, या चिंतेनं गेणभाऊंना घास गोड लागेना. मग एके सकाळी दात घासता घासता त्यांना हँडलच्या दोन्ही टोकांना बसवलेले लोखंडी गट्टू दिसले आणि साक्षात्कार झाला. तोंडातला फेस न थुंकताच त्यांनी शेजारच्या बहिरूला हाक मारली. बहिरूचं दोन एकर रान, एक गाय आणि गेणभाऊंच्या शब्दावर आंधळा विश्वास, एवढाच त्याचा संसार.

"बहिरू, ह्ये बघ. कंपनीनं गाडीला लोढणं बांधलंय."

ओढाळ जनावर पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, ते लोढणं. आयुष्य गोठ्यात गेलेल्या माणसाला लोखंडाच्या गट्टूत दुसरं काय दिसणार?

"पर कशापायी वो?" बहिरूनं विचारलं.

"आरं, गाडी मोकळी पळाया लागली तर पेट्रोल कोन घील? समदी मिलीभगत हाय."

बहिरूला पटलं. त्याला नेहमीच पटतं.

लोढणं सोडवायचा कार्यक्रम रविवारी झाला. गट्टूच्या मधोमध एक स्क्रू होता. तो फिरवला की गट्टूही त्याच्याबरोबर गरागरा फिरे. अर्धा तास दोघांनी त्याला भिंगरीसारखं फिरवलं. मग बहिरूनं फडकं गुंडाळून पाईप पान्यानं गट्टू धरला आणि गेणभाऊंनी अंगाचं सगळं वजन स्क्रूड्रायव्हरवर टाकलं. स्क्रूचं डोकं झिजलं, गेणभाऊंच्या तळव्याला फोड आला, पण ढिम्म. शेवटी बंबातलं कढत पाणी ओतलं तेव्हा कुठे करकर करत स्क्रू हलला. बाहेर आला तर त्याच्या आट्यांवर लाल डिंकासारखं काहीतरी वाळलेलं होतं. जी वस्तू सुटू नये म्हणून कंपनीनं डिंक लावला, ती कशाला तरी लागत असेल, अशी शंका एखाद्याला आली असती. गेणभाऊंना आली नाही. "बघितलं का, कसं चिकटवून ठिवलंय," असं म्हणत त्यांनी दुसरा गट्टूही काढला आणि दोन्ही गट्टू लोकांना दाखवायला बॅगेत टाकले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी लिटरला साठ किलोमीटर देऊ लागली. निदान गेणभाऊंना तसं वाटलं, आणि त्यांना वाटलं म्हणजे झालंच. हँडल आता चक्कीसारखं घुमत होतं. "ही ताकद हाय, ताकद," ते दूध डेअरीवर जमलेल्यांना सांगायचे आणि बॅगेतून गट्टू काढून दाखवायचे. दोघातिघांनी आपापल्या गाड्यांची लोढणी सोडवायचा बेतही केला. पाईप पाना मिळाला नाही म्हणून त्यांच्या गाड्या वाचल्या.

तीन आठवड्यांनी बोटांना मुंग्या येऊ लागल्या, डाव्या हाताच्या जास्त. चहाचा कप धरला की तो गरम आहे हे ओठाला कळायचं, बोटांना नाही. मग सुरू झाले उपचार. एकानं मानेचा मणका सांगितला, म्हणून गेणभाऊ गळ्याला पट्टा बांधून गाडी चालवू लागले. दुसऱ्यानं वात सांगितला, म्हणून वांगी बंद झाली. मंचरच्या औषधवाल्यानं ताकदीच्या लाल गोळ्या दिल्या. बहिरू रोज संध्याकाळी वाटीभर कोमट तेल घेऊन यायचा आणि समोर बसून डावा हात चोळून द्यायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. इथे रेडा दारात स्टँडवर उभा होता आणि सकाळ झाली की गेणभाऊ पुन्हा त्याच्यावर बसत होते.

पण हात बधिर झालाय हे गोठ्यात कुणाला सांगायचं नाही, एवढी अक्कल त्यांना होती. तिला अक्कल म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा. आत काही लागलं नाही तरी ते डोळे मिटायचे, नेहमीइतकाच वेळ घ्यायचे आणि ठाम आवाजात सांगायचे. बोटांना काही लागत नाही म्हणजे आत काही नाही, असा सोपा हिशेब त्यांनी मनाशी करून टाकला होता. बहिरूचीही गाय अशीच तपासून झाली. तिला तिसऱ्यांदा भरलं होतं. गेणभाऊ 'रिकामी' म्हणाले, बहिरू बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला, आणि पुढच्या शनिवारी तिला टेम्पोत चढवून आला. तेव्हापासून तो रोज सकाळी गेणभाऊंच्याच घरून अर्धा लिटर दूध नेतो. संध्याकाळी तेल मात्र चुकवत नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, अवसरी बुद्रुकच्या जानकाबाईंची पाळी आली. जानकाबाई एकट्याच राहतात आणि त्यांचं घर एका जर्सी गाईवर चालतं.

"डॉक्टर, अडीच म्हयनं झालं, माजावर आली न्हाई," त्या म्हणाल्या. "मला तर गाभनच वाटती."

गेणभाऊंनी हात घातला. गोधडीवरून चाचपावं तसं लागत होतं. त्यांनी डोळे मिटले, उघडले.

"रिकामी हाय मावशी."

"मंग माज का न्हाई केला?"

"मुका माज असतो येकेकीचा. तुमास्नी कळायचा न्हाई."

चाळीस वर्षं गाई सांभाळणाऱ्या बाईला हे ऐकवायला वेगळंच काळीज लागतं.  डॉक्टर म्हणतायत तर शनिवारी बाजार दाखवावा, जानकाबाई म्हणाल्या.

गुरुवारी गेणभाऊंची मुलगी स्नेहल सुट्टीला घरी आली. ती चाकणच्या एका कारखान्यात आहे. तिथे गुरुवारची सुट्टी. पाहुण्यांना गेणभाऊ सांगायचे की पोरगी ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. ती नेमकं काय करते हे विचारायला त्यांना चार वर्षांत सवड झाली नव्हती.

मंचरला जायला म्हणून तिनं गाडी चालू केली आणि लगेच बंद केली.

"आबा, हँडलची वजनं कुठं गेली?"

"लोढणं व्हतं ते. काढलं."

"कधी?"

"दोन म्हयनं झालं."

तिनं त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं, वाटीतल्या तेलाकडे पाहिलं, खिडकीतल्या लाल गोळ्यांकडे पाहिलं.  मंचरला जाऊन डिंकाची छोटी नळी आणि दोन नवे स्क्रू घेऊन आली, त्यांच्या बॅगेतून गट्टू काढले आणि जाणत्या माणसानं करावं तसं आटे पुसून, थेंब सोडून, डावीकडचा गट्टू बसवला. उजवीकडे ॲक्सिलरेटरच्या मुठीत आणि गट्टूत नखाएवढी फट ठेवली. "न्हाईतर मूठ अडकून बसते," ती म्हणाली. पण तो उजवा स्क्रू आवळायच्या आधी तिनं इंजिन चालू केलं आणि तो गट्टू पुन्हा हातात काढून घेतला.

"आता दोन्ही मुठी धरा. डावीकडं वजन हाय, उजवीकडं न्हाई."

गेणभाऊंनी धरलं. बधिर डाव्या हाताला फारसं कळलं नाही, पण उजवा हात कोपरापर्यंत झणझणला. तिनं गट्टू बसवला. झणझण उतरली.

"लोढणंच हाय आबा, तुमी बरोबर म्हणालात," स्नेहल म्हणाली. "पण ते गाडीला न्हाई बांधलेलं. थरथरीला बांधलंय. टोकाला वजन असलं की इंजिनची थरथर हाताशी येईतो मंदावते. मी रोज हेच मोजते कारखान्यात, मानसाच्या हाताला किती थरथर पोचती ते."

"म्हंजी ते कॉम्प्युटर—"

"कॉम्प्युटरवर त्याचे आकडे येतात."

हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणजे काय, हे गेणभाऊंना त्या दिवशी नीट समजलं. त्यांनी गळ्याचा पट्टा सोडला. खरं तर त्यांना हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांसमोर जर्सी गाय उभी राहिली. परवा शनिवार होता.

गुरुवारचा उरलेला दिवस आणि शुक्रवारी सकाळी त्यांनी गाडीला हात लावला नाही. अवसरीला ते एसटीनं गेले. मुंग्या गेल्या नव्हत्या, पण कमी झाल्या होत्या. हातातलं तिकीट खरखरीत लागलं, तेव्हा त्यांना रडू येईल की काय असं वाटलं.

जानकाबाईंच्या अंगणात एक व्यापारी गाईची कास चाचपत होता. बाजारापर्यंत कशाला न्यायची म्हणून तो दारातच आला होता. शेजारचे तिघेचौघे मध्यस्थी करायला जमलेले.

"थांबा," गेणभाऊ म्हणाले. "मावशी, परवा मला काई लागलंच नव्हतं. म्हयना झाला, हात बधिर व्हता माझा. मी आपलं ठोकून दिलं."

 पंचवीस वर्षांत गेणभाऊंच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी मोजा चढवला, हात घातला आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. गर्भाशयाची एक बाजू फुगलेली लागली, मऊ, पाणी भरल्यासारखी. त्यांनी चिमटीत हलकेच धरलं, तशी आतली पातळ पिशवी बोटांतून निसटली. गाभण असल्याची तीच खूण, महिनाभरात एकदाही न लागलेली.

"गाभन हाय. वाटत व्हतं तसंच हाय तुमचं."

व्यापारी निघून गेला. जानकाबाईंनी बादलीभर पाणी आणून दिलं, साबण दिला आणि गेणभाऊ हात धुवत असताना ओट्यावर बसल्या. शिव्या घालतील म्हणून ते वाट बघत होते. त्यांनी शिव्या घातल्या नाहीत.

"डॉक्टर, ह्या म्हयनाभरात आनी किती जनींना रिकामी म्हनलात?"

गेणभाऊंनी साबण खाली ठेवला आणि एसटीचा रस्ता धरला.

एसटीत बसल्यावर त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. घोडेगावच्या दोन, मंचरजवळची एक, अवसरीच्या आणखी तीन. मोजदाद कुठून सुरू करायची हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, म्हणूनच ते दुसरीकडून मोजत होते.

ते घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. बहिरू ओट्यावर वाट बघत बसला होता, शेजारी तेलाची वाटी.

"हात कसा हाय आता?" त्यानं विचारलं आणि सवयीनं गेणभाऊंचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. कोमट तेल बोटांवर पडलं. बहिरूच्या तळव्यावरचा प्रत्येक घट्टा गेणभाऊंना स्वच्छ लागला.

"बरा झाला," ते म्हणाले, "आता चोळू नगंस. तुझ्या गाईचं बोलायचंय."