हुंकाराला माइक

राजारामपुरीतल्या मुनव्वरच्या दुकानाच्या पायऱ्या पूर्णिमा कशाबशा चढली. काल एकादशी होती. आज द्वादशीचं पारणं अजून सुटलं नव्हतं आणि ऊन तर डोक्यावर आलेलं. तिनं पिशवीतून माइकची काळी पेटी काढून काउंटरवर ठेवली आणि काउंटरची कड धरून तशीच उभी राहिली.

"परत द्यायला आलोय, मुनव्वरभाई."

मुनव्वरनं चष्मा कपाळावर सारला. जन्मभर लग्नांच्या शूटिंगा करून त्याचे गुडघे गेले होते. आता तो बसल्या जागी चॅनेलवाल्यांना कॅमेरे, माइक, दिवे विकायचा आणि विकण्याआधी चार शिव्याही द्यायचा.

"का? बिघडला व्हय?"

"न्हाय. बेस हाय."

"बेस हाय म्हणून परत? वहिनी, उन्हानं चक्कर आली काय? बसा आधी."

ती स्टुलावर बसली. सांगायचं कसं, हेच तिला कळेना. घरातली गोष्ट होती.

पूर्णिमाचा वसा तसा साधा. रोज सकाळी देवापुढं दिवा लावायचा, एक कहाणी सांगायची, मगच अन्नाला शिवायचं. पण कहाणी भिंतीला सांगून चालत नाही. समोर कुणीतरी मुठीत अक्षता धरून बसावं लागतं आणि वाक्यागणिक 'हं' म्हणावं लागतं. हुंकार नाही तर कहाणी नाही. लग्न होऊन ती कळंब्यात आली तेव्हा हा वसा सासूनंच, तानाबाईनंच, तिच्या ओटीत घातला. तेव्हापासून हुंकारही तानाबाईचाच. नवरा वारणानगरला नोकरीला, आठवड्यानं येणार. घरात ह्या दोघीच. सासूचे पाय चेपायचे, तिची औषधं, तिचं पथ्याचं वेगळं, तिचं दिवसभराचं "पूर्णिमा, कुठं मेलीस?" हे सगळं झालं तरी सकाळी त्या दोघी देवापुढं समोरासमोर बसायच्या.

पुतणी राजनंदिनीनं एकदा ते फोनवर टिपलं आणि त्याचा चॅनेल करून टाकला. बघता बघता कुठकुठल्या बायका ऐकायला लागल्या. इचलकरंजीची एक बाई लिहायची, रात्रपाळी करून आले की तुमची कहाणी लावून निजते. पण खाली तक्रारीही यायच्या: 'ताई, आवाज फार बारीक.' 'मध्ये ते हं हं कोण करतंय? काढा की ते.'

म्हणून राजनंदिनीनं काकूला ह्या दुकानात आणलं होतं. पोरीचं मन मोठ्या कॅमेऱ्यावर. मुनव्वरनं तो हातात घेऊनसुद्धा दाखवला नाही.

"फोन हाय तेवढा बास. खिडकीसमोर बसवा काकूला. चित्र थोडं अंधारलं तरी लोक बघत्यात. आवाज कानाला बोचला की पळाले. आणि तुझी काकू बोलती म्हंजे मुंगी चालल्यागत. आधी माइक घे."

मग त्यानं एकेक लावून बघितले. टेबलावरच्या माइकात बाहेरची रिक्षा शिरली, तारवाल्यात पदराची सळसळ. शेवटी हा बिनतारी निघाला. पदराला चिमट्यानं लावायचा, आसपासचा कालवा आपोआप गाळून टाकणारा. हाच घेतला.

काल सकाळी त्यावर पहिली कहाणी टिपली. संध्याकाळी तानाबाईनं नेहमीसारखा फोन कानाशी धरला. रोज ती आपलंच हं ऐकायची. अर्धी कहाणी झाली तसा तिनं फोन कानापासून काढला. मग म्हणाली,

"मी कुठं हाय ह्यात?"

"आत्ती, त्यो माइक..."

"मी म्हटलंतं की हं. दर वाक्याला म्हटलंतं. कुठं गेलं?"

आणि आज सकाळी पूर्णिमानं दिवा लावला, अक्षता पुढं केल्या, तर म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं. "सांग जा तुझ्या त्या डब्बीला. तीच हं म्हणंल."

शेजारच्या शालूबाईला बोलावता आलं असतं. पण काय म्हणून बोलवायचं? सासू रुसली म्हणून? गल्लीभर झालं असतं. भाकरी टोपलीत झाकून पूर्णिमा बस धरून इथं आली.

हे सगळं तिनं मान खाली घालून सांगितलं. मुनव्वर मोठ्यानं हसला.

"म्हंजे माझा माल चांगला निघाला म्हणून परत येतोय! अवो वहिनी, नको ते गाळायलाच तर लोक घेत्यात ह्यो."

"आत्तीचं हं नको असलेलं न्हवं ना पण."

तो हसायचा थांबला. पेटी उघडून त्यानं माइक काढला, तिच्या हातात दिला आणि कानावर हेडफोन चढवला.

"बोला बघू काय तरी. ऐकू तरी द्या."

काय तरी म्हणजे काय? हॅलो हॅलो तिला जमेना. तोंडात आली ती कहाणीच.

"एक होती कुंभारीण. तिच्या दारात पाण्यानं भरलेला रांजण असायचा."

ती थांबली. मुनव्वर वाट बघत राहिला.

"बोला की."

"तुम्ही हं म्हटल्याबिगर कशी बोलू?"

"आं? बरं. हं!"

"येणाऱ्याजाणाऱ्यानं प्यावं, कुणी जात पुसू नये."

"हं."

एक गिऱ्हाईक आलं. मुनव्वरनं त्याला हातानंच थोपवलं. कुंभारणीचा रांजण फुटला, ती रडली, ओल्या खापरांतून झरा लागला, आणि तो सगळ्या आळीला पुरला. मुनव्वर एकही हं चुकला नाही. शेवटी शेवटी तर तो पुढं वाकून बसला होता.

"सुफळ झाली," पूर्णिमा म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं, आजची कहाणी झाली. कुणीतरी ऐकली. आता जेवायला हरकत नाही. सासूवाचूनही वसा पुरा होतो. तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची तिला भीती वाटली.

काल तिनं ती नुसती आपल्याच आवाजाची कहाणी ऐकली होती. तानाबाई निजल्यावर पुन्हा ऐकली होती. इतक्या वर्षांत कुणी मध्ये न बोलता तिचं बोलणं असं सलग कधी गेलंच नव्हतं.

मुनव्वरनं टिपलेलं परत लावलं. ऐकता ऐकता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आयला. मी पण न्हाय की ह्यात!"

"मग? सांगत काय होतो?"

"एवढा घसा फोडून हं हं केलो मी." त्याला खरंच लागलं होतं. तो पेटीत काहीतरी चाचपू लागला. "दुसरा कुठाय?"

"दुसरा ह्यो काय, पिशवीत तसाच हाय की. कापडात गुंडाळून. पहिला बिघडला तर असावा म्हणून."

मुनव्वरनं कपाळावर हात मारला. "वहिनी, ती जोडी हाय जोडी! दोन माणसांना दोन. एक सांगणाऱ्याला, एक..." त्यानं माइक पेटीत घालून पेटी तिच्यापुढं सारली. "जावा घरी. म्हातारीला लावा. आणि चहा तरी घ्या आता, कहाणी झालीय तुमची."

पूर्णिमानं नको म्हणून मान हलवली. "घरी जाऊन बघतो."

कळंब्याला पोचेतो तिचं डोकं ठणकायला लागलं होतं. तानाबाई भिंतीकडंच तोंड करून पडलेली. दिवा विझला होता, तो पूर्णिमानं परत लावला. फोन चालू करून आपल्या पदराला एक माइक लावला. दुसरा सासूच्या लुगड्याला लावायला गेली, तसा म्हातारीनं हात पकडला.

"ह्यो काय बिल्ला?"

"तुमचा हाय."

"माझा?"

"हं म्हणायचा."

तानाबाईनं तो बोटानं उलटापालटा करून बघितला. मग उठून बसली आणि अक्षतांसाठी मूठ पुढं केली. "जेवलीस?"

"न्हाय."

"मर मग उपाशी. सांग लवकर."

पूर्णिमानं तीच कुंभारीण पुन्हा सांगितली. एका दिवशी दोनदा. आवाज ओढून आणावा लागत होता. टिपलेलं तिनं राजनंदिनीला पाठवून दिलं.

भाकरीचा पहिला घास तोंडात होता तेव्हा राजनंदिनीचा फोन आला. "काकू, आज आजीचं हं तुझ्यापेक्षा मोठं येतंय गं! तू तर ऐकूच येत नाहीस. कमी करू का तिला?"

आतून तानाबाईची हाक आली, "पूर्णिमा, कुठं मेलीस? पाय!"

कालची ती हुंकाराविना कहाणी अजून फोनमध्ये होती. पूर्णिमानं ती पुसली नव्हती. पुसणारही नव्हती. ते कुणाला सांगायचं काही कारण नव्हतं.

"राहू दे," तिनं घास गिळला. "आलो, आत्ती."