टेबलाच्या पायाखालची मूळ वही

मी एक जुनी वही आहे, आणि आमच्या मास्तरांच्या पुतण्यानं मला गेली तीन वर्षं डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घालून ठेवलं आहे. सख्ख्या काकांच्या हातची वही, आणि तिच्या डोक्यावर हा ताट मांडून जेवतो! मित्रांनो, याला माणसाचं वागणं म्हणतात का?

मी फार शिकलेली नाही. माझी पानं बत्तीस, तेवढंच मला येतं. पण त्या बत्तिसांचा मला तोरा होता. बॉयलर कसा पेटवायचा, वाफ कशी राखायची, काच कशी वाचायची. बॉयलरच्या अंगावर एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती उरलं ते तिच्यात दिसतं. तिच्यावरची नजर हटली की माणूस गेला म्हणून समजा. आमचे मास्तर मोठमोठ्या लॉन्ड्र्यांतल्या कामगारांना हे शिकवायचे. शिकवायला पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी मला लिहिलं. जाड कागद, दुहेरी दोऱ्याची शिवण, वर मेणकापड.

पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, "कुणीही उतरून घ्या, वाटा, सुधारा. सुधारलंत तर शेवटच्या पानावर लिहा आणि मूळ वहीलाही कळवा." हल्लीचे शहाणे याला मुक्त परवाना म्हणतात म्हणे. मास्तर त्या शेवटच्या पानाला माहेरपान म्हणायचे. माझ्यावरून उतरलेल्या वह्या त्या माझ्या लेकी, लेकींवरून उतरलेल्या त्या नाती. लेकीला सासरी काही नवं कळलं तर तिनं माहेरी सांगायला नको का?

आणि त्या सांगायच्या. एकीनं बर्नर साफ करायची सोपी रीत आणली. एकीनं वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं काढून आणली. सगळ्या तेलकट, वाफेनं फुगलेल्या, कोपरे झिजलेल्या. रूपाला म्हणाल तर एकही धड नाही, पण गुणाला म्हणाल तर माझ्याच.

मग एके दिवशी लॉन्ड्रीवाल्या मावशी आल्या. बॉयलरवर वीस वर्षं काढलेली बाई. आल्या आल्या त्यांनी मला उघडलं आणि एकोणिसाव्या पानावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, "काचेत पाणी दिसेनासं झालं तर ताबडतोब पाणी सोडा."

"मास्तर, हे चुकलंय," मावशी म्हणाल्या. "माझ्या पाळीतल्या जोडीदारानं हेच केलं. लालबुंद तापलेलं लोखंड आणि त्यावर गार पाणी. आता त्याला शर्टाची बटणं त्याची आई लावून देते."

मास्तरांनी पेन त्यांच्यापुढे केलं. मग म्हणाले, "लिहा तुम्हीच. तुमच्या हातानं."

मावशींनी कागदाची पट्टी कापून त्या ओळीवर चिकटवली: "आधी आग बंद. पाणी अजिबात सोडू नका. लांब व्हा आणि माणसं लांब करा." खरं सांगते, त्या दिवशी मला राग आला. माझ्या पानावर ठिगळ! पण मास्तरांनी माहेरपानावर स्वतःच्या हातानं ती चूक आणि मावशींचं नाव लिहिलं, तेव्हा माझा राग गिळला गेला. पट्टीची खबर सगळ्या लेकींना गेली.

मास्तर गेले. वर्ग पुतण्याच्या हाती आला. तो वाईट नव्हता, मित्रांनो, नीटनेटका होता. तिथंच घात झाला. कुठल्याशा वहीत कुणी उतरवताना अर्धं पान गाळलं आणि बोल मास्तरांना लागला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, की एक पक्की प्रत हवी.

"काकांच्या नावावर कुणीही काहीही खपवतं, मावशी," तो म्हणाला. "आता छापील पुस्तक. सर्व हक्क राखीव. त्यात कुणी पेन लावायचं नाही."

"आणि चूक निघाली तर?"

"छापलेलं पुस्तक आहे ते, मावशी. चूक कशी निघेल?"

"का रे बाळा, छापखान्यात देव बसतो?"

तो हसला नाही. परीक्षेला बसायचं तर हाताची वही जमा करायची असा त्यानं नियम केला. माझ्या लेकी-नाती गाठोडी बांधून रद्दीत गेल्या. छापायला मात्र त्यानं त्यांतली सगळ्यात स्वच्छ प्रत निवडली. डाग नाही, पट्टी नाही, अक्षर मोत्यासारखं. अरे शहाण्या, जिला डाग नाही ती कधी बॉयलरजवळ गेलीच नव्हती! कुणी हौसेनं उतरवली आणि कपाटात ठेवली होती. पट्टीची खबर कपाटात कशी पोचणार?

पुस्तक आलं. कडक पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. प्रत्येक बॉयलरशेजारी साखळीला बांधून टांगलं गेलं. आणि मी, टेबलाच्या पायाखाली.

तिथून दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. याची बायको, आमची सूनबाई, त्याच पुस्तकावर परीक्षा पास होऊन मोठ्या लॉन्ड्रीच्या बॉयलरवर लागली. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "अहो, एकोणिसाव्या पानाचं मावशी वेगळंच सांगतात."

"पुस्तकात काय आहे?"

"पाणी सोडा."

"मग तेच. मावशींचं वय झालं आता."

"बरं," ती म्हणाली. पोर आज्ञाधारक. माझ्या दोऱ्याला तेव्हाच ताण बसला.

आज दुपारी ती डबा घेऊन पाळीवर गेली. जाता जाता दारातून म्हणाली, "काच दोन दिवस जरा गढूळ दिसतेय. आज पुसून घेते." थोड्या वेळानं फोन वाजला. याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "कुठल्या लॉन्ड्रीत?... किती जण?... काय केलं त्यानं?... पुस्तकात पाहून?"

फोन ठेवला. टेबल तिरपं झालं, ताट खाली आदळलं, आणि तीन वर्षांनी मला उजेड दिसला. त्यानं एकोणिसावं पान काढलं. पट्टीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "पाणी अजिबात..." आणि पुढचं वाचायच्या आत फोन उचलला. त्यानं सूनबाईला फोन लावला. वाजत राहिला. बॉयलरच्या घरघरीत कुणाला ऐकू जातो फोन? पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

मित्रांनो, वहीला तोंड नसतं. पण आज मी बोलले, आणि त्यानं ऐकलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मी चुकले होते, आणि माझी चूक एका बाईनं माझ्याच अंगावर सुधारली. म्हणून मी वही राहिले. तू सुधारणाऱ्यांचेच हात बांधलेस, आणि त्या चुकीला पुठ्ठा चढवून प्रत्येक बॉयलरशेजारी टांगलंस. आता तुझ्या घरातलं माणूस ती वाचतंय. फोन ठेव. मला काखेत मार आणि पळ."