मास्तरांचा आवाज मीच टिपला

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर मी दुसऱ्यांचंच बोललो. ज्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं परत केलं. आज मात्र माझं स्वतःचं सांगायचंय, आणि सांगताना लाज वाटतेय.

माझा जन्म जपानचा, खरेदी अमेरिकेतली आणि संसार घाटकोपरच्या एका चाळीतला. चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात नंदकुमार रजेवर घरी आला, तेव्हा मला टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. नंदकुमार म्हणजे बळवंत आणि सखुबाई यांचा एकुलता एक मुलगा. बाप गिरणीतून निवृत्त झालेला, मूळचा कणकवलीकडचा. मुलगा इंजिनियर होऊन अमेरिकेत क्लीव्हलंडला नोकरीला होता. सखुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि बळवंतनं वाचून दाखवलेल्या पत्रानं तिचं समाधान होईना, म्हणून मुलानं युक्ती काढली. तो तिकडून कॅसेट भरून पाठवणार आणि तिच्याच दुसऱ्या बाजूवर इकडची मंडळी उत्तर भरणार.

कॅसेट आली की शेजारीपाजारी आपापले पाट घेऊन हजर. मला टेबलावर, धुतलेल्या रुमालावर बसवत. असा मान मिळाल्यावर कोण फुगणार नाही?

नंदकुमार पहिली पाच मिनिटं तब्येतीची चौकशी करायचा, मग राजकारणावर घसरायचा. हे बोलणं खरं तर धर्मासाठी असे. धर्मा घाडी खोली नंबर अकरामध्ये राहायचा, म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर होता. दोघं एकाच गॅलरीत अभ्यास करून मोठे झालेले. चाळ त्याला मास्तर म्हणायची, नंदकुमार नुसतं धर्मा.

"धर्मा, इथल्या राष्ट्राध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला रे," त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस तो म्हणाला. "त्याच्याच ऑफिसातल्या टेपांनी त्याचं खोटं उघडं पाडलं!" माझ्या भाऊबंदांचा हा पराक्रम ऐकून मी आठवडाभर हवेत होतो. पुढं तो म्हणाला, "इथं सगळं झकास आहे असं समजू नकोस. बॉस्टनला काळ्या मुलांच्या शाळेच्या बसवर दगड मारतात. माझ्या घरमालकिणीला माझ्या फोडणीचा वास चालत नाही. पण यार, बोलता येतं इथं!"

दुसऱ्या वर्षी आणीबाणी आली. आता कॅसेट लावण्याआधी बळवंत खिडकी लावून घेऊ लागला. नंदकुमारचा आवाज मात्र चढला होता. "धर्मा, तुम्ही सगळे गप्प कसे रे? मी वॉशिंग्टनला जाऊन आपल्या वकिलातीसमोर फलक धरून उभा राहिलो, बर्फात. तू मास्तर ना? पोरांना काय शिकवतोस मग?"

मास्तर मान खाली घालून ऐकायचे. वर्षभर त्यांनी उत्तर दिलं नाही. नंदकुमार प्रत्येक कॅसेटमध्ये तेच टोचत राहिला.

इथं सखुबाईचा एक नियम सांगायला हवा. कॅसेट म्हणजे पत्र, आणि पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव-गाव हवंच, असं तिचं म्हणणं. कोणी माझ्यापुढं तोंड उघडलं की ती दटावायची, "पयला नाव सांग, कोणाचो ता सांग, खोली सांग. नायतर माझ्या झिलाक कळाचा कसा, कोण बोलता ता?" झील म्हणजे तिचा मुलगा, नंदकुमार. तिच्या धाकानं पाळण्यातल्या बाळांचीसुद्धा नावं भरली जात.

शहात्तर सालच्या गणपतीनंतर एका दुपारी मास्तर आले आणि माझ्यासमोर बसले. खोलीत बळवंत आणि सखुबाई, बस्स. मास्तरांनी सवयीनं सुरुवात केली, "मी धर्मा लक्ष्मण घाडी, खोली नंबर अकरा, म्युनिसिपालटीच्या शाळेत चौथीचा मास्तर." मग म्हणाले, "नंदू, तू विचारतोस ना, आम्ही गप्प का? मला नसबंदीच्या सहा केसेस आणायला सांगितल्यात. नाही आणल्या तर पगार बंद. काल एका पोराच्या घरी गेलो. बाप भाजी विकतो. मला बघून तो मागच्या बाजूनं अनवाणी पळाला. माझ्याच वर्गातल्या पोराचा बाप, रे! कसला मास्तर मी? हे चुकीचं चाललंय, सरळ सरळ चुकीचं. झालं तुझं समाधान? ऐक आणि पुसून टाक."

भजनं भरताना दहादा फीत गुंडाळणारा मी, त्या दुपारी एकदाही अडखळलो नाही. त्यांचा श्वाससुद्धा स्वच्छ टिपला.

नंदकुमारनं ते पुसलं नाही. तिकडच्या भारतीयांच्या एका सभेत त्यानं कॅसेट सुरुवातीपासून लावली. टाळ्या वाजल्या. कुणीतरी ते सगळं उतरवून घेतलं आणि पत्रकाच्या प्रती काढून वाटल्या. नाव, शाळा, इयत्ता, खोली नंबर, सगळं त्यात होतं. एक प्रत फिरत फिरत इकडं सरकारी टेबलावर येऊन पडली.

नोव्हेंबरात साध्या कपड्यातले दोघं शाळेत आले आणि मास्तरांना वर्गातूनच घेऊन गेले. खडू त्यांच्या हातातच होता म्हणे. ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं. बळवंतनं मला गोधड्यांखाली दडवलं. तिथं अंधारात पडून मी नळावरचं बोलणं ऐकायचो. मास्तरांची बायको कमळ पाण्याला आली की बाकीच्या बायका गप्प व्हायच्या. जानेवारीत मास्तरांची आई गावाला वारली. त्यांना ती बातमी दहाव्या दिवशी कळली. त्या आठवड्यात कमळ सखुबाईला एवढंच म्हणाली, "काकी, बोललो तुमचो झील आणि धरून न्हेलो आमचो माणूस. आवशीचा तोंड पण बघूक गावाक नाय तेका."

सखुबाई कळशी न भरताच परतली. घरी येऊन माझ्यावरच्या गोधडीवर डोकं टेकून रडली. नियम तिचा होता, हे तिला कळलं होतं.

मार्चमध्ये निवडणूक झाली, सरकार गेलं, मास्तर सुटले. नोकरीही परत मिळाली. मे महिन्यात नंदकुमार आला. दोन दिवस अकरा नंबरच्या दाराकडं बघत गॅलरीत उभा राहिला, पण पाऊल पुढं पडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला बाहेर काढलं, कागदावर काहीबाही लिहिलं आणि माझ्यापुढं वाचायला बसला. तीनदा पुसून चौथ्यांदा भरलं.

"धर्मा, तिकडं मी परका, मला मत नाही. इथं मी हजर नाही, म्हणून इथंही मत नाही. तरी दोन्हीकडचं राजकारण मलाच कळतं असं वाटायचं. फलक धरला आणि संध्याकाळी हीटर लावून झोपलो. तू पुसून टाक म्हणाला होतास. मला टाळ्यांचा मोह झाला, यार. टाळ्या मला मिळाल्या, पोलीस तुझ्या वर्गात आले."

मला बगलेत धरून तो अकरा नंबरला गेला. दार मास्तरांनीच उघडलं. फार वाळले होते.

"ये नंदू. ते मशीन बाहेर ठेव."

"यात सगळं नीट बोललोय रे. तोंडानं मला जमणार नाही."

"बाहेर ठेव. जमेल तसं बोल."

मला चपलांशेजारी ठेवून दार बंद झालं. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. पाऊण तासानं नंदकुमार बाहेर आला आणि मला विसरून तसाच निघून गेला.

मग कमळनं मला उचललं आणि सखुबाईकडं आणून ठेवलं. "ह्या तुमचा, काकी. आमच्या दारात नको." सखुबाई उठली आणि मुलीच्या वयाच्या त्या बाईच्या पाया पडायला वाकली. कमळनं तिला वरच्या वर धरलं. "काकी, असा करू नको," म्हणाली, आणि तिचाही बांध फुटला.

याला आता दोन वर्षं झाली. मी कपाटावर असतो. नंदकुमार निळ्या कागदावर पत्रं लिहितो, बळवंत ती वाचून दाखवतो. माझ्यासमोर आता कुणी बोलत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. नंदकुमारची माफी अजून माझ्या पोटात आहे, कुणी न ऐकलेली. त्यानं ती मास्तरांना तोंडानं तरी सांगितली असेल. सखुबाई वाकून मोकळी झाली. मला ना वाकता येतं, ना माझं बोलणं कुठल्या फितीवर उमटतं.

मास्तर, तुम्ही रोज सकाळी या दारावरून शाळेला जाता. एकदा वर बघा. रागानं बघितलंत तरी चालेल.