तिसरी तारीख

सविता गंगाखेड आगारात कंडक्टर होती. गच्च भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत तिचा आवाज पोचायचा, आणि दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरं तिच्या एका नजरेनं आत सरकायची. अशा बाईला परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात काचेच्या दारामागं ठेवलं होतं. तिनं कधी उठायचं, काय खायचं, कुणाशी किती बोलायचं, हे आता दुसरेच ठरवत होते.

हिवाळ्यात तिच्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. कुठं आपटल्याचं आठवेना. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि गाडीच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, हाडांच्या आतला मगज रक्त बनवायचाच थांबलाय. दुसऱ्याचा मगज मिळाला तरच पुढं काही खरं होतं. तो धाकट्या भावाचा, योगीराजचा, पुरता जुळला. काम पुण्याला व्हायचं होतं. पण तिथल्या डॉक्टरांची अट अशी, की ताप नको, खोकला नको, अंगात कुठं जंतू नको. तोवर परभणीतच रक्त आणि प्लेटलेट घेत थांबा.

थांबणं हाच तिचा खरा आजार झाला होता. पहिली तारीख एका किडलेल्या दाढेनं घालवली. दाढ काढली, तर रक्त थांबता थांबेना. दुसऱ्या तारखेच्या तोंडावर खोकला झाला. आता तिसरी तारीख आली होती, येत्या सोमवारची, आणि सविता रोज स्वतःचं अंग चाचपून बघायची.

उजाडताच सिस्टर धम्मशीला यायची, रक्त काढून न्यायची. रक्त नाही म्हणून भरती झालेल्या बाईचं रोज रक्त काढायचं, ह्यावर सविता रोज कुरकुर करायची. मग औषधी पाण्यानं अंघोळ, ब्रशऐवजी कडवट पाण्याच्या गुळण्या, आणि ताटात मऊ खिचडी. कच्चं काही नाही. बाहेर बाजारात गावरान काकड्यांचे ढीग लागलेले, आणि हिच्या पुढ्यात उकडलेला भोपळा. एकदा तिनं नवऱ्याला, बजरंगला, फोनवर नुसती हिरवी मिरची मागितली, तर तो रडवेला झाला. तिनं फोनच ठेवून दिला. मुलगी प्रियांका रविवारी यायची आणि काचेबाहेर उभी राहून हात हलवायची. लेकीला हात लावता येत नाही ह्यापेक्षा, ती आता रडत नाही, सरावली, हे सविताला जास्त लागायचं.

सगळ्यात जास्त राग मात्र योगीराजचा यायचा. ह्याला तिनं बोट धरून शाळेत नेलेलं, पाढे चुकले की कान पिळलेला. आता तो ताडकळसला खताचं दुकान चालवत होता, आणि मगज जुळल्यापासून गावात त्याचा भाव वाढला होता. घरोघरी त्याला दूध, खारका, गावरान अंडी. ग्रामपंचायतीसमोर त्याचा शाल देऊन सत्कार झाला. 'बहिणीला जीवदान देणारा भाऊ' असा बॅनर लागला, त्यावर काळा चष्मा घातलेला त्याचा फोटो. अजून एक थेंब दिला नव्हता, तरी सत्कार आटोपला होता. पलंगावर पडल्या पडल्या सविताला तो फोटो सतरा जणांनी पाठवला. येणारा जाणारा प्रत्येकजण म्हणायचा, नशीबवान आहेस, असा भाऊ मिळायला पुण्य लागतं. ती मान डोलवायची. आतून तिला वाटायचं, आता जन्मभर ह्याच्यापुढं मान खालीच.

तो एक दिवसाआड यायचा. मास्क, टोपी, गाऊन चढवून आत यायचा आणि आल्या आल्या सुरू करायचा. पाणी उकळलेलं होतं का, नखं का वाढलीत, मोबाईल पुसलास का. डॉक्टर राउंडला आले की योगीराजला बाजूला घेऊन बोलत. सविता पलंगावर बसून त्या दोघांच्या पाठी बघत राही. काय म्हणाले विचारलं, तर तो म्हणे, "काय न्हाई अक्का, समदं बरोबर चाललंय."

शुक्रवारी दुपारी तिला कणकण वाटली. बाहेर मे महिन्याचं ऊन तापलेलं, आणि हिच्या पायांना गारठा. तिनं कुणाला सांगितलं नाही. पर्समध्ये कधीची डोकेदुखीची गोळी पडलेली होती, ती तिनं घोटभर पाण्याबरोबर घेतली. धम्मशीलानं काखेत थर्मामीटर लावलं तेव्हा तिनं हात जरासा सैल ठेवला. ताप निघाला नाही. सिस्टर गेली. सविताला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. पण सोमवार तीनच दिवसांवर होता. एकदा पुण्यात पोचलं की मग येईना का ताप, तिथं मोठे डॉक्टर आहेत, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

शनिवारी योगीराज आला. आज त्यानं पाण्याचं विचारलं नाही. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतलेली त्यानं पाहिली, आणि तो बाहेर गेला. परत आला तो धम्मशीलाला घेऊनच. सिस्टरनं ह्यावेळी थर्मामीटर स्वतः दाबून धरलं. एकशे दोनच्या वर ताप होता. संध्याकाळपर्यंत पुण्याला फोन गेला आणि तिसरी तारीखही गेली.

डॉक्टर निघून गेल्यावर सविता भावाला म्हणाली, "तुझं काय जातंय? तुला शाल मिळाली, फोटो लागला. इथं मी सडायलेय."

योगीराज खुर्चीत बसला. गाऊनची नाडी बोटाला गुंडाळू लागला.

"तितं नेल्यावर आधी औषधं देऊन तुजा हाय न्हाई तेवडा मगज मारून टाकणार हायत," तो म्हणाला. "मग माजा घालणार. तो धरंस्तवर अंगात लढायला काईच नसतंय. असला ताप घेऊन तितं गेली असतीस तर परत आली नसतीस, अक्का. डॉक्टर मला बोलले तसं."

"तुला बोलले. मला का न्हाई?"

"तू घाबरशील म्हणून."

"रोग कुणाला झालाय?"

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि तो जाईपर्यंत वळवलं नाही. खरं तर तिला रडायचं होतं, पण मास्कमध्ये रडलं की नाक भरतं आणि श्वास कोंडतो, हे तिला माहीत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि सवयीनं योगीराजला शोधू लागले. सविता उठून बसली. म्हणाली, तो गावाकडं गेलाय, आणि असता तरी आता जे काय असेल ते मला सांगा, खुर्ची घ्या. डॉक्टरांना घाई होती, तरी ते बसले. तिनं एकेक करत सगळं विचारलं. केस जातील का, तोंड येईल का, धरलं नाही तर काय. शेवटच्या प्रश्नाला ते अडखळले. पण त्यांनी सांगितलं. तिला झोप लागली नाही, तरी आदल्या रात्रीसारखी तडफडही झाली नाही.

तापाचे जंतू रक्त चढवायला दंडात बसवलेल्या नळीतून शिरले होते. नळी काढली, औषधं बदलली, आठवड्यानं ताप उतरला. चौथी तारीख मिळाली, तर पुण्यात पलंग रिकामा नव्हता, म्हणून तीही चार दिवस पुढं गेली. त्या दिवशी तिनं जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. खिचडी धम्मशीलानं पुसली, आणि सविताला तिची माफी मागावी लागली.

पुण्याला पोचल्यावर औषधांनी तिचं जे व्हायचं ते झालं. केस उशीवर राहिले, तोंड आतून सोललं. ठरल्या दिवशी योगीराजच्या कमरेच्या हाडातून मगज काढला आणि दुपारी एक पिशवी तिच्या सलाइनच्या खांबाला अडकवली. दिसायला ती रोजच्या रक्ताच्या पिशवीसारखीच. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल, दहा डॉक्टर जमतील. एक सिस्टर होती, ती पण मधेच फोनवर बोलायला गेली.

तेवढ्यात योगीराज कमरेला हात लावून, पाय ओढत काचेपाशी आला. चेहरा उतरलेला होता. बाहेरच्या फोनवरून त्यानं विचारलं, कसं वाटायलंय.

"काईच वाटना," ती म्हणाली. "एवढ्यासाठी सा महिने?"

पिशवी संपली. नवा मगज धरला की नाही हे कळायला अजून तीनेक आठवडे त्या खोलीतच काढायचे होते. खिडकी उघडत नव्हती. संध्याकाळचा भोपळा आला, तेव्हा तिनं चव लागत नसताना, शिव्या देत, सगळा संपवला.