मेंढरांमधून गेलेले साहेब

बोरमाळच्या तलावावर दर हिवाळ्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी उतरत, पण गावाला त्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. शहात्तर साली मात्र खबर आली, की पुण्याहून पर्यटन खात्याचे साहेब पक्षी बघायला येणार आणि त्यांना पसंत पडलं तर वडूजहून दर रविवारी पाहुण्यांची एसटी सुरू होणार. झालं, सरपंच हंबीररावांना रातोरात पाखरांचा लळा लागला.

एसटीची खरी आस होती ती हरणाबाईला. धनगराच्या घरची ही बाई वीस वर्षं दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून नवऱ्याबरोबर कऱ्हाडकडच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला जायची. एसटी आली तर तलावाच्या बांधावर चहा-भाकरीचं दुकान टाकायला पंचायत तिला जागा देणार होती. बारा महिने एका जागी राहायची तिची हौस फार जुनी. पण नवरा तात्याबा मेंढरांमागे जाणारच, म्हणजे आठ महिने ताटातूट. साहेबांच्या भेटीपुरता तो थांबला होता आणि सोमवारी निघणार होता. घर मिळावं तर नवरा लांब, नवरा जवळ असावा तर घर नाही, अशा कात्रीत ती सापडली होती आणि कुणाजवळ बोलताही येत नव्हतं.

हंबीररावांनी स्वागताचा घाट घातला तो लग्नाला लाजवील असा. हलग्या, लेझीम, वर उखळी बार. आवाजानं पाखरं उठतील, असं हरणाबाईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. सरपंचांचं म्हणणं, हलगीशिवाय पाहुणा गावात घेतला तर चार गावांत नाक कापलं जाईल.

जीप आली, हलगी कडाडली, बार उडाले आणि तलावावरचा सगळा थवा उठून दिसेनासा झाला. साहेबांनी फेटा बांधून घेतला, हार स्वीकारला आणि रिकाम्या पाण्याकडे बघत अदबीनं विचारलं, की पक्षी नेमके कुठं असतात. हंबीरराव हलगीवाल्यांवरच खेकसले. साहेब जीपकडे वळले.

बरंच झालं, आता नवऱ्याबरोबर निघायचं, असं हरणाबाईच्या मनात येऊन गेलं. पाठोपाठ तिला स्वतःचाच राग आला. ती पुढे झाली.

"सायेब, पाखरं मानसाला भित्यात, मेंढराला न्हाई. पल्याडच्या अंगाला उतरली असतील. आमच्या मेंढरातनं चला, दावतो."

साहेब हौशी निघाले. तात्याबानं आपलं घोंगडं त्यांना पांघरलं, कमरेत वाकायला लावलं आणि कळप रमत गमत पलीकडच्या काठाला नेला. मेंढरं पांगली की तो तोंडानं हलकेच चुचकारी आणि ती मुकाट जवळ येत. एका मेंढीनं फेट्याचा शेमला चघळला तरी साहेब हलले नाहीत, कारण वीस पावलांवर शेकडो पक्षी निवांत चरत होते. तासाभरानं ते कंबर धरून परतले, पण चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

एसटीची शिफारस करतो, ते म्हणाले, मात्र दर रविवारी मेंढरं हवीत आणि ती हाकणारा असा माणूसही हवा. सगळे तात्याबाकडे बघू लागले. त्याला अडवायचं पाप आपल्या माथी नको, म्हणून हरणाबाई घाईनं म्हणाली, "आवं, ईसभर मेंढरं ठिवा. मी हाकीन. तुमी खुशाल जावा."

"तुझं ऐकत्यात व्हय ती?" तात्याबा म्हणाला. "बाकीची आकाराम घिऊन जाईल. भाऊ कशाला हाय मग?"

"आन् तुमाला करमंल का एका जागी?"

तात्याबानं काठी दुसऱ्या हातात घेतली. चारचौघांत बायकोशी इतकं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मी हिंडलो म्हून तू हिंडलीस," तो म्हणाला. "आता तू ऱ्हातीस, तर मी बी ऱ्हातो."