हळू झालेले डॉक्टर आणि मी

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. आठवते ते इंदूरच्या मिलचे मैदान. शिट्टी वाजे, माझे बटण दाबले जाई, आणि सर्वांत कमी वेळ घेणारा जिंकला की मीच धावल्यासारखे माझे कौतुक होई. तेव्हा सारे सोपे होते.

पुढे नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या शालिनीबाईंकडे आले. त्या लोकांना रंगीत ठोकळे देऊन चित्रातली नक्षी लावायला सांगत आणि मी वेळ मोजत असे. पण ती वेळ चांगली की वाईट, हे मला कळत नसे. बाई म्हणत, "त्याच पेशातल्या इतर माणसांची वेळ मोजल्याशिवाय मलाही कळत नाही."

एके दिवशी गावातले नावाजलेले सर्जन अप्पासाहेब आले. थोड्याच दिवसांपूर्वी एक ऑपरेशन अर्ध्यावर असताना पुढचे काही त्यांना आठवेना. ते त्यांचे शिष्य नंदू डॉक्टर यांनी पूर्ण केले होते. "शालिनी, सोमवारी मानपूरच्या एका बाईचं ऑपरेशन आहे. मी करू की नको, एवढं सांग," अप्पासाहेब म्हणाले.

तुलनेसाठी लोकांच्या वेळा लिहून ठेवलेल्या बाईंच्या तक्त्यात तेव्हा कारकून आणि विद्यार्थीच होते. अप्पासाहेबांनी नक्षी लावली तेव्हा त्यांच्यात ते उत्तम ठरले. बाईंचे समाधान होईना. त्यांनी गावातले लहानमोठे डॉक्टर बोलावले.

इथे माझा पुरता गोंधळ उडाला. पोहे खाता खाता गंमत म्हणून जे भराभर नक्षी लावत, तेच माझे बटण दाबले की ठोकळा हातात धरून बसत. मला वाटले, माझाच काटा पळतो आहे. मी फार घाबरले. नव्या तक्त्यातही अप्पासाहेब वरच राहिले.

"तुम्ही तर नंदू डॉक्टरांच्याही पुढे आहात," बाई म्हणाल्या.

अप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी नंदू डॉक्टरांना बोलावून घेतले. "का रे, तू इतका सुस्त कब से झालास?"

नंदू डॉक्टरांनी मान खाली घातली. "सर, तुमच्या पुढे कसं जायचं? हळू लावायचं आम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं."

"मला मान दिलात, ठीक है. त्या मानपूरच्या बाईचा विचार कोणी केला? आता लाव. टाके घालतोस तसा."

मी धावू लागते न लागते तोच नक्षी पूर्ण झाली. अप्पासाहेबांनी मला हातात घेतले आणि काट्याकडे बराच वेळ पाहिले. "सोमवारी तूच कर," ते म्हणाले. नंदू डॉक्टर रडत होते. बाईंनी खऱ्या वेळा मोजायला सगळ्या डॉक्टरांना पुन्हा बोलावले.

आता मी कपाटात पडून आहे. मला कोणी किल्ली देत नाही. ते डॉक्टर वागले ते चांगले की वाईट, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, किल्ली द्या. आणि कोणाच्या प्रेमाखातर माझ्यासमोर हळू होऊ नका. दर वेळी मानपूरची ती बाई ऑपरेशनच्या टेबलावर डोळे मिटून पडलेली असते.