सहा दिवस उघडा राहिलेला नळ

बिल आलं ते मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी. बिलं वाटणारा माणूस एरवी फाटकाशी थांबायचा, "आजी, घोटभर पाणी द्या" म्हणायचा आणि पाण्याबरोबर वस्तीतल्या दोन बातम्या ऐकून जायचा. त्या दिवशी त्याने कागद फाटकाच्या तारेत खोचला आणि मागे न बघता भराभर पुढच्या घराकडे गेला. माहाडेबेला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि आकडा वाचला. दोनशे चौदा डॉलर. मग तिने नाव वाचलं, घराचा नंबर वाचला, कारण असला आकडा शेजाऱ्यांचाच असणार याबद्दल तिची खात्री होती. नाव तिच्या मेलेल्या नवऱ्याचं होतं. घरही तिचंच होतं. एकटीच्या घराचं बिल आजवर कधी सोळाच्या पुढे गेलं नव्हतं.

ती पायरीवर बसली आणि बिलावरच्या तारखा बोटांवर मोजायला लागली. दिराच्या मयताच्या आठवड्यापाशी आल्यावर तिचं बोट थांबलं.

झिंबाब्वेतल्या बुलावायोच्या त्या वस्तीत हिवाळ्यापासून पाणी लहर लागेल तेव्हा यायचं. म्हणून घरोघरी एकच रीत होती. अंगणातला नळ उघडाच ठेवायचा आणि खाली पत्र्याचं घमेलं पालथं घालायचं. पाणी यायचं झालं की नळ आधी खोकायचा, मग घमेल्यावर ताशा वाजायला लागायचा, आणि असेल तशी बाई पिंपं भरायला धावायची. नळ बंद करून बसणारीला वस्तीत येडी म्हणत.

धाकटा दीर गेल्याचा फोन आला तेव्हा दिराच्या गावाची, केझीची, बस सुटायला एक तास होता. माहाडेबेने शेगडी तीन वेळा तपासली. खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, फाटकाला साखळी. कोरड्या नळाकडे कोण बघतं? गावात ती सहा दिवस राहिली. रडली, जावांशी भांडली, दोनशे माणसांना वाढलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात वस्तीत पाणी आलं ते जायचं नावच घेईना. सगळे खूश होते. ती परत आली तेव्हा पाणी पुन्हा गेलेलं होतं, नळ होता तसाच कोरडा आणि उघडा. घमेलं मात्र कुंपणाशी जाऊन पडलं होतं. वाऱ्याने गेलं असेल, असं म्हणून तिने ते उचलून जागेवर ठेवलं होतं.

"वाऱ्याने!" माहाडेबे आता पायरीवर बसून स्वतःलाच म्हणाली. "अगं बाई, वाऱ्याने!"

पैशाचा प्रश्न तसा एका फोनचा होता. मुलगी, सेथेकेले, जोहान्सबर्गला नर्स होती. दोनशे चौदा डॉलर तिने त्याच दिवशी पाठवले असते. पण पैशाच्या मागोमाग ती स्वतः आली असती. डिसेंबरात माहाडेबेच्या हातून शेगडीवर पातेलं राहिलं आणि त्याचा कोळसा झाला, तेव्हाच सेथेकेलेने बजावलं होतं, "आई, आणखी एकच काहीतरी होऊ दे, मी लॉरी घेऊन येते. घर भाड्याने देऊ, तू माझ्याकडे." माझ्याकडे म्हणजे नवव्या मजल्यावर, जिथे कोंबडी पाळता येत नाही आणि शेजारीण दाराच्या फटीतून बोलते. माहाडेबे एकदा पंधरा दिवस राहून आली होती. पंधरा दिवसांत तिच्याशी सगळ्यात जास्त बोलली ती लिफ्ट.

तिने बिलाच्या चार घड्या घातल्या, ते ब्लाउजमध्ये खोचलं आणि ती उठली. हे बिल तीच भरणार होती. आणि याच घरात राहून भरणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चला जायची रविवारची टोपी घालून पाणीपट्टीच्या कार्यालयात गेली. दोन तास रांगेत उभी राहिली. खिडकीतली पोरगी लाल नखांची होती, पण कामाला वाईट नव्हती. तिने बिल बघितलं आणि भुवया वर केल्या.

"आजी, घरात मासे पाळलेत का?"

"नाही गं."

"मग पाइप फुटला असेल. जमिनीखाली फुटला असेल तर प्लंबरचं पत्र आणा, दुरुस्ती बघायला आमचा माणूस येईल. बिल जवळजवळ निम्मं होतं."

निम्मं. माहाडेबेने खिडकीची कड धरली. "आणि फुटला नसेल तर?"

"तर हप्ते. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत सत्तर भरायचे, उरलेले सहा महिन्यांत. शुक्रवार चुकला की जोडणी तोडतात, आणि पुन्हा जोडायचे पैसे वेगळे." मग ती खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "फुटलाच असेल, आजी. नीट आठवून बघा."

माहाडेबे घरापर्यंत नीट आठवत आली. कोपऱ्यावर प्लंबर ग्लॅडमोर उलट्या क्रेटवर बसून दात कोरत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ते न्यायाधीशासारखं ऐकून घेतलं.

"दहा डॉलर," तो म्हणाला. "पण नुसत्या पत्रावर भागत नाही, आजी. त्यांचा माणूस बघायला येतो. म्हणून आपण खणायचं, पाइप फोडायचा, आणि मस्त नवा जोड बसवायचा."

"धडका पाइप फोडायचा?"

"असा फोडीन की त्यालाही कळणार नाही."

माहाडेबेला तो पाइप माहीत होता. बेचाळीस वर्षांपूर्वी ती पोटुशी होती आणि नवरा फाटकापासून अंगणापर्यंत एकटा चर खणत होता. दर दहा हातांवर तो थांबायचा आणि विचारायचा, सरळ चाललंय ना? ती सावलीत बसून म्हणायची, थोडं डावीकडे. तो चर अजूनही थोडा डावीकडे जातो. इतक्या वर्षांत पाइपाने एक थेंब सांडला नव्हता. जे सांडलं ते तिने.

"नको," ती म्हणाली.

"आठ डॉलर."

"ग्लॅडमोर, तो पाइप बिचारा काही बोलत नाही म्हणून सगळं त्याच्या माथी मारायचं?"

"आजी, पाइपाला काय अब्रू असते?"

"त्याची मला माहीत नाही. माझी आहे." आणि ती चालायला लागली. चार पावलांवर तिला निम्म्या बिलाची आठवण झाली, पण ती थांबली नाही.

घरी तिने शिवणकामाचे पैसे काढून मोजले. एकेचाळीस. एकोणतीस कमी. कुठून आणायचे याचा विचार करत ती परसात गेली, आणि तिथे कुंपणापलीकडे माम्लिलोची भाजी दिसली.

माम्लिलो तिची तीस वर्षांपासूनची शेजारीण. तिचं घर उताराच्या बाजूला होतं. अख्ख्या वस्तीत त्या दिवसांत चोमोलियाच्या पालेभाजीचं पान हाताएवढं व्हायच्या आत पिवळं पडत होतं. माम्लिलोच्या वाफ्यांत ती भाजी कमरेएवढी उभी होती, पानं हत्तीच्या कानांसारखी. आणि सगळ्यात उंच दोन वाफे अगदी कुंपणालगतचे. माहाडेबे वाकली. कुंपणाच्या तारेखालून एक छोटासा पाट माम्लिलोच्या वाफ्यांकडे गेला होता. चांगला कुदळीने काढलेला, कडा थापून बसवलेल्या.

"माम्लिलो!"

माम्लिलो हात पुसत बाहेर आली. माहाडेबे कुठे बघतेय ते तिने बघितलं आणि हात पुसायचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"हा पाट कुणी काढला?"

"कुठला?"

"तुझ्या डाव्या पायाखालचा."

"अच्छा, हा! हा होय."

"माझा नळ वाहत होता ते तू बघितलंस."

"तुझ्या फाटकाला साखळी होती. मी हाका मारल्या. तुझा फोन बंद."

"केझीत चार्जिंग कुठे मिळतं? पण एखाद्या कार्ट्याला कुंपणावरून टाकायचं होतंस. नळ फिरवायला असा किती वेळ लागतो?"

माम्लिलोने एक सुस्कारा सोडला. ती खोटं बोलायला आळशी बाई होती. "हे बघ. पहिल्या दिवशी मला वाटलं, तू घरातच आहेस. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता कुणालातरी पाठवते. तिसऱ्या दिवशी मी पानांकडे बघितलं." तिने एका पानावरून बोट फिरवलं. "तू बघितली असतीस ना, तूही थांबली असतीस."

माहाडेबेने ब्लाउजमधून बिल काढलं आणि तारेवरून तिच्या हातात दिलं. माम्लिलोने वाचलं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"देवा! अगं, मला वाटलं वीसेक डॉलरचं पाणी असेल. थांब, मी तुला एक जुडी देते."

"जुडी?"

"दोन."

"कुंपणालगतचे दोन्ही वाफे माझे. बिल फिटेपर्यंत."

"दोन्ही? बियाणं माझं, खत माझं, कंबर माझी मोडली!"

"आणि पाणी? माझं पाणी पिऊन ती पानं एवढी झालीत, बाई. कापली तर आतून माझं नाव निघेल."

माम्लिलोला हसू आलं, आणि तिथेच ती हरली. तरी तिने शेवटचा डाव टाकला. "मग खुरपणी तू करायची. आणि भांड्याकपड्यांचं पाणी माझ्याही वाफ्यांना घालायचं."

"घालीन. पण नळ बंद करून."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला दोघी बसथांब्यावर गोणपाट अंथरून शेजारी शेजारी बसायला लागल्या. माहाडेबेने आयुष्यात शिवणाशिवाय काही विकलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती गिऱ्हाइकाकडे अशी बघत होती की जणू त्याने तिच्या घरात पाय टाकलाय. तीनच जुड्या गेल्या. माम्लिलो मात्र मैदान मारत होती. "या, या! माझी ताजी! तिची शिळी!"

"एकाच मातीतली आहे, सटवे!" माहाडेबे ओरडली, आणि थांब्यावरचे लोक हसले, आणि हसलेल्यांतल्या दोघांनी तिच्याकडून घेतली. तेव्हा तिला धंदा कळला. त्यानंतर दोघी रोज भांडायच्या, मन लावून, आणि टोपल्या नऊच्या आत रिकाम्या व्हायच्या. संध्याकाळी वाफ्यांतली जादा पानं माहाडेबे उकडून पत्र्यावर वाळत घालायची. वाळलेल्या भाजीला भाव जरा बरा यायचा. पाठ दुखायची. रात्री मक्याच्या पिठाचा इसित्श्वाला ढवळायला हात उचलत नसे, तेव्हा ती पाव खाऊन झोपायची.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिने लाल नखांच्या पोरीपुढे सत्तर डॉलर ठेवले. त्यातले बरेच सुटे, काही मातीचे.

"पाइप फुटला नव्हता तर," पोरगी नोटा सरळ करत म्हणाली.

"नाही. मी नळ उघडा ठेवून गावाला गेले होते."

पोरीने मान वर केली. असं उत्तर या खिडकीत बहुधा कुणी दिलं नव्हतं. तिने पावतीवर शिक्का मारला, जरा जास्तच जोरात.

पावती हातात आल्यावर माहाडेबेने कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून जोहान्सबर्गला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. नळ, मयत, आकडा, पत्र, भाजी, सत्तर.

"दोनशे चौदा," सेथेकेले म्हणाली. "आई, मी तुला डिसेंबरात काय सांगितलं होतं?"

"लॉरी. पाठव. रिकामी परत जाईल, डिझेल तुझं."

"आणि पत्र का नाही घेतलंस? निम्मं वाचलं असतं."

"नळ मी उघडा ठेवला होता."

"कुणाला कळलं असतं?"

"मला." माहाडेबेने आवाज जरा खाली आणला. "हे बघ, सेथे. मी विसरते. पातेलं विसरले, नळ विसरले, पुढे आणखीही काही विसरेन. खोटं कशाला बोलू? पण विसरलेलं निस्तरता येतं मला. ते जेव्हा येणार नाही, तेव्हा मी स्वतः तुला फोन करीन. तोवर पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर परत करीन."

पलीकडे कुठेतरी हॉस्पिटलची घंटा वाजली, कुणीतरी सिस्टरला हाक मारली. सेथेकेले गेली नाही.

"पुढचा हप्ता कितीचा?"

"महिना चोवीस."

"आणि जुडी कशी देतेस?"

"डॉलरला तीन."

"तीन?" सेथेकेले ओरडली. "आई, तू विकतेस का वाटतेस? एवढ्या मोठ्या पानांची! उद्यापासून डॉलरला दोन. आणि त्या माम्लिलोलाही दोनच करायला सांग, नाहीतर ती तुझी सगळी गिऱ्हाइकं पळवेल."

"ती ऐकणार नाही."

"मग तिचा नंबर दे मला," सेथेकेले म्हणाली.